कोरमला एक कमी

लिफ्ट बंद पडली तेव्हा ती पाचव्या मजल्यावर उभी होती, आणि तारीखवाल्यांची आई पाचव्या मजल्यावर बसलेली होती. मधे एक जाळीचं दार. सात महिने दोघी समोरासमोर होत्या आणि दोघींपैकी एकीलाही खाली जाता येत नव्हतं.

तारीखवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि समोर येईल त्या कागदावर 'पाहिले' असं लिहून, सही ठोकून, तारीख घातली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण निवृत्त ते झाले, हात झाला नाही. विजेचं बिल, औषधाच्या बाटल्या, भाच्याची लग्नपत्रिका, सगळ्यावर 'पाहिले', सही, तारीख. एकदा दवाखान्यात नंबरची वाट बघताना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या एक्स-रेवरही सही केली होती, आणि डॉक्टरांनी ती दुसऱ्या डॉक्टरांची समजून उपचार सुरूही केले होते. याच गुणामुळे इमारतीने त्यांना सोसायटीचं सेक्रेटरी केलं. बाकी कोणाची कशावरही सही करायची तयारी नव्हती.

आईचं वय ब्याऐंशी. डोकं लखलखीत, गुडघे गेलेले. लिफ्ट चालू होती तोवर ती रोज संध्याकाळी पाच वाजता खाली उतरायची आणि फाटकापाशी तळमजल्यावरच्या मावशींशेजारी जाऊन बसायची. या मावशी नात्याच्या कोणी नव्हेत, पण चाळीस वर्षं रोज शेजारी बसल्यावर आणखी वेगळं नातं काय लागतं? गुडघे मावशींचेही गेलेले. म्हणजे ही खाली येऊ शकत नाही, ती वर जाऊ शकत नाही. मग दोघी फोनवर बोलू लागल्या. फोनवर आईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती गॅलरीत उभी राहायची आणि मावशी खाली अंगणात. मग मधे फोन कशाला हवा होता हे कोणाला कळलं नाही, पण दोन्ही घरातलं बाकी सगळं पाचही मजल्यांना कळलं.

उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. एकदा चौघांनी आईला खुर्चीसकट उचललं. चौथ्या मजल्यावरच्या वळणावर खुर्ची अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. आई त्या खुर्चीत पाऊण तास बसून होती आणि जाणारा-येणारा तिच्या पायाखालून वाकून जात होता. शेवटी सुताराने खुर्चीचा एक पाय कापला तेव्हा ती सुटली. वर परत आल्यावर तिने जाहीर केलं, "आता मी खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरच."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टेप आणून ते वळण मोजलं आणि मान हलवली. "तेही जमणार नाही. अरुंद आहे."

त्या रात्री तारीखवाले जेवले नाहीत. आपली आई या पाचव्या मजल्यावरून आता कधीच उतरणार नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

लिफ्टमध्ये बिघडलं होतं ते एवढंसं. दाराचं कुलूप. ते नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि त्याचा आतला खटका झिजून तुटला होता. "दुसरं बसवा," तारीखवाले मेकॅनिकला म्हणाले. मेकॅनिक हसला. ही लिफ्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. कुलूप हाताने घासून ज्याच्या त्याच्या दाराला बसवलेलं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. नवी लिफ्ट बसवायची तर खड्डा रुंद करायला हवा, म्हणजे अर्धी इमारत पाडायला हवी. ही कुलपं घासणारा एकच कारागीर हयात आहे, असं त्याने ऐकलं होतं.

"मग बोलवा की त्याला."

"तो पलीकडे राहतो," मेकॅनिक आवाज खाली आणून म्हणाला.

पलीकडे म्हणजे त्या देशात. त्या देशाचं नाव या इमारतीत सहसा कोणी काढत नसे. ते काम काकांच्या टीव्हीकडे होतं. काकांना सगळे बातम्यावाले काका म्हणत, कारण त्यांचा टीव्ही सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि त्यांच्याबरोबरच झोपायचा. त्यात त्या देशाचे सैनिक दिवसातून चाळीस वेळा एकाच दिशेने चालत जायचे. पलीकडे टपाल जात नव्हतं, पार्सल जात नव्हतं. फोन कसाबसा लागला तर कारागीर म्हणाला, "तुटकं कुलूप हातात दिल्याशिवाय मी काही सांगणार नाही. फोटो पाठवू नका. फोटोला हात लावून कळत नाही."

तेव्हा तारीखवाल्यांनी स्वतः जायचं ठरवलं.

बायको तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एकदम यादीच घेऊन. "हे बघा, तिकडचं पाणी प्यायचं नाही. कोणी हसलं तर हसायचं नाही. कोणी रडलं तरी जवळ जायचं नाही. आणि सही! अहो, सही कशावरही करायची नाही. मला शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला. तिने यादी पुढे केली. त्यांनी त्या यादीवर 'पाहिले' लिहून सही केली आणि तारीख घातली. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

बातम्यावाले काका तर रोज येऊन धीर देत होते, म्हणजे असलेला काढून घेत होते. "तिकडे रस्त्यारस्त्यावर रणगाडे. माणसं कुजबुजतच बोलतात. लहान पोरंसुद्धा रांगेत चालतात. तुम्ही परत आलात तर मला सगळं सांगा हं."

"आलात तर?"

"तसं नाही हो. आल्यावर."

परवाना कचेरीत तारीखवाल्यांना घरी आल्यासारखं वाटलं. तोच धुळीचा वास, त्याच दोऱ्याने बांधलेल्या फायली. पण टेबलाच्या या बाजूला उभं राहायची सवय नव्हती, त्यामुळे मान जरा अवघडली. अर्ज अकरा पानी. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात त्यांनी खरं ते लिहिलं: कुलूप.

"कुठलं कुलूप?" अधिकाऱ्याने विचारलं.

"लिफ्टचं."

"म्हणजे ठिकाण कुठलं?"

"पाचवा मजला."

अधिकाऱ्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याने अर्ज पुढे केला, त्यावर वरच्या साहेबांचा शेरा होता. तारीखवाल्यांनी तो वाचला आणि वाचता वाचता खाली 'पाहिले', सही, तारीख. अर्ज बाद. पुन्हा अकरा पानं, पुन्हा तीन आठवडे. दुसऱ्या खेपेला बायको बरोबर गेली आणि त्यांचा उजवा हात धरून बसली. परवाना मिळाला. पाठीमागे बारीक अक्षरात अटी होत्या. कलम नऊ: तिथल्या कोणत्याही सभेत, मिरवणुकीत वा संघटनेत भाग घेणार नाही. घेतल्यास अटक. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना हसू आलं. स्वतःच्या इमारतीतल्या सभांनी ज्याच्या नाकी नऊ आले तो दुसऱ्याच्या सभेला कशाला मरायला जाईल?

सीमेवर आधी इकडच्या अधिकाऱ्याने पिशवी उघडली. कुलूप बाहेर काढलं, हलवून पाहिलं, कानाला लावलं. "हे काय?" मग दोनशे पावलं चालून गेल्यावर तिकडच्या अधिकाऱ्याने तीच पिशवी उघडली, तेच कुलूप कानाला लावलं. "हे काय?" इकडच्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि खाली पुठ्ठ्याची घडी होती. तारीखवाल्यांनी वाकून पाहिलं. तिकडच्याच्या टेबलाखालीही होती. त्यांचा जीव उगाचच जरा भांड्यात पडला.

पलीकडचं शहर लागलं तेव्हा ते बसच्या खिडकीला नाक लावून बसले होते. रणगाडा दिसेना. एक बाई गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडत होती. एक माणूस सायकलवर गादी घेऊन चालला होता आणि त्याची बायको मागून गादी धरून त्याला रागावत होती. शाळा सुटली होती. पोरं रांगेत तर नव्हतीच, रस्त्यावरही नीट मावत नव्हती. माणसं कुजबुजत होती म्हणावं तर बसमधल्या दोघांचं खिडकी उघडायची की लावायची यावरून असं जुंपलं होतं की कंडक्टर मधे पडला. भाषा थोडी वळणाची, पण भांडण अक्षर न् अक्षर कळत होतं. मग बस थांबली, कारण पुढे रस्ता खोदून ठेवला होता. खड्ड्यात कोणी नव्हतं. कडेला पाटी होती: 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाटी गंजलेली होती. तारीखवाल्यांनी ती वाचली आणि ओळखीच्याला हलवावी तशी तिला मान हलवली. का ते त्यांना सांगता आलं नसतं.

कारागिराची इमारत सापडली. दारातच लिफ्ट, आणि लिफ्टवर कागद: 'लिफ्ट बंद आहे.' तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. लिफ्टच्या कारागिराच्या इमारतीत लिफ्ट बंद! ते जिना चढून चौथ्या मजल्यावर गेले.

कारागीर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पंच्याहत्तरीचा असेल. कमरेचं हाड मोडून बसवलेलं, हातात काठी. त्याने कुलूप घेतलं आणि डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला, मग म्हणाला, "माझंच आहे. होईल. दोन दिवसांचं काम."

तारीखवाल्यांना रडू यायचं बाकी राहिलं. "मग कधी सुरू करता?"

"खाली गेलो की."

"कधी जाणार?"

"चौदा महिने झाले, बघतोय." कारागिराने काठीने दाराबाहेर दाखवलं. "घासायचं यंत्र, पकड, सगळं तळमजल्यावरच्या गाळ्यात, टेबलाला बोल्ट मारून बसवलेलं. मला जिना उतरता येत नाही. आणि लिफ्ट बंद."

"पण तुम्ही तर लिफ्टचेच कारागीर! दुरुस्त का नाही करत?"

"बिघाड या समोरच्याच दारात आहे. एक स्क्रू. मला इथनं दिसतो तो. पण सभेचा ठराव झाल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, असा आमच्या अध्यक्षबाईंचा नियम. सभेला अकरा माणसं लागतात. दहाच येतात."

"अकरावा कोण?"

"मी," कारागीर म्हणाला. "पण सभा खाली असते."

तारीखवाले खाली उतरले ते डोक्याला हात लावूनच. आजच सभा आहे, बघा काही होतंय का, असं कारागीर म्हणाला होता. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दहा माणसं बसली होती आणि सगळी एकदम बोलत होती. पाण्याची टाकी कोणी उघडी ठेवली, कोणाच्या गाडीने कोणाची कुंडी फोडली, वरच्याचं पाणी खालच्याच्या भिंतीत कसं येतं. तारीखवाले मागच्या रिकाम्या खुर्चीवर टेकले. त्यांना इतकं ओळखीचं वाटलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतः जे ऐकून घेतलं होतं तेच चाललं होतं, शिवीसकट.

कोणीतरी मांडीवर एक वही ठेवली. तारीखवाल्यांनी डोळे उघडले, वही वाचली, खिशातलं पेन काढलं. 'पाहिले.' सही. तारीख.

वही पुढे अध्यक्षबाईंकडे गेली. उंच, चष्मा साखळीला लावलेला, शाळेच्या मुख्याध्यापिका असाव्यात अशा. त्यांनी बोटाने सह्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "अकरा!" त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला. "अकरा झाले! कोरम पुरा झाला!"

एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. लगेच, हे भाग्य निसटून जाईल या भीतीने, अध्यक्षबाईंनी ठराव वाचला: लिफ्टची दुरुस्ती सदस्य-कारागिराकडून करून घ्यावी. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

आता कुठे तारीखवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. सभा! कलम नऊ! त्यांची पाचावर धारण बसली. मी सभासद नाही, हे सांगायला त्यांनी घाईघाईने हात वर केला.

"अकरा विरुद्ध शून्य," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एकमताने मंजूर."

टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर तारीखवाले उभे राहिले. "माफ करा. मी इथला नाही."

"कितव्या मजल्यावरचे?"

"मजल्यावरचा नाही. मी..." त्यांनी कुलपाची पिशवी छातीशी धरली. "मी पलीकडचा."

दहा माणसांनी आपापल्या खुर्च्या इंचभर मागे घेतल्या. पुढच्या रांगेतून एक टक्कल असलेले गृहस्थ उठले. ते बोलायच्या आधीच तारीखवाल्यांनी ओळखलं: हे इथले बातम्यावाले काका.

"पलीकडचे? तिथे म्हणे रस्त्यारस्त्यावर रणगाडे असतात?"

"खड्डे असतात," तारीखवाले म्हणाले.

"आणि माणसं कुजबुजतच बोलतात?"

"तुम्ही आमच्या सभेला या एकदा."

कोणीतरी मागून खुदकन हसलं. पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. परकीय माणूस दिसला तर पोलिसांत कळवायचं, हा नियम. आणि बाई नियमाच्या. त्यामुळे तारीखवाले मधे, हातात कुलपाची पिशवी, आणि भोवती दहा सभासद वहीसकट, अशी मंडळी पोलीस ठाण्यावर निघाली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या सहीशिवाय कागद हलला नाही, त्याची ही मिरवणूक! कलम नऊमध्ये मिरवणूकही होती, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं.

इन्स्पेक्टरच्या मिशा काकांच्या टीव्हीतल्या सैनिकांसारख्याच होत्या. त्याने परवाना वाचला, उलटा करून कलम नऊ वाचलं, मग वही वाचली.

"सभेत होतात?"

"बसलो होतो."

"सही तुमची?"

"हो."

"मतही दिलंत?"

"हात वर केला. पण तो..." त्यांना गॅलरीत उभी राहून खाली ओरडणारी आई दिसत होती. आपण इथे अडकलो तर तिला कोण सांगणार, आणि तेही पाच मजल्यांना ऐकू न जाता?

आणि नेमकं तेव्हा त्यांच्या आतला रेकॉर्ड रूममधला हेडक्लार्क जागा झाला. माणूस घाबरला होता. हेडक्लार्क घाबरला नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "मी सभासद नाही, म्हणजे माझी सही बाद. सही बाद, म्हणजे दहाच माणसं. दहा माणसं म्हणजे कोरम नाही. आणि कोरम नाही म्हणजे सभा झालीच नाही. जी सभा झालीच नाही तिच्यात मी भाग कसा घेणार?"

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुख पसरलं. एक अख्खं प्रकरण लिहायचं टळलं होतं. "हे मला लिहून द्या," तो म्हणाला.

"पण म्हणजे ठरावही झाला नाही!" अध्यक्षबाई ओरडल्या.

तारीखवाल्यांचा हात कागदावर थांबला. खरंच की. ठराव नाही तर स्क्रू नाही, स्क्रू नाही तर कारागीर खाली नाही, कारागीर खाली नाही तर कुलूप नाही. लिहून दिलं तर ते सुटतात, आणि आई वरच राहते. दहा माणसं त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सही करवेना.

"तुमची नियमावली आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षबाईंच्या पिशवीत ती होतीच, कव्हर घातलेली. तारीखवाल्यांनी उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मान वर करून भोवती पाहिलं. ही त्यांचीच नियमावली होती. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. दोन्ही देशांत कोणी कोणाची उतरवून घेतली होती देव जाणे. त्यांनी सरळ सत्ताविसाव्या नियमावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं: "कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवावी. अशा सभेस कोरमची अट राहणार नाही."

चौदा महिने दर महिन्याला दहा माणसं कोरम नाही म्हणून घरी गेली होती. अर्धा तास कोणी थांबलंच नव्हतं. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, नियम वाचला, चष्मा काढला. "मी पंचविसाव्या नियमापर्यंतच वाचलं होतं," त्या इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या की तारीखवाल्यांना त्यांची दया आली. "तिथवर सगळेच वाचतात," ते म्हणाले. "मलाही सत्ताविसावा दीड वर्षाने सापडला."

इन्स्पेक्टरने हुकूम सोडला: सभा त्याच जागी भरेल, परकीय गृहस्थ रस्त्याच्या पलीकडे बसतील, आणि त्यांचा हात कुठल्याही वहीला लागणार नाही याची काळजी हवालदार घेईल.

तेव्हा तारीखवाले समोरच्या फुटपाथवर एका चहाच्या टपरीशी बसले आणि शेजारी हवालदार बसला. हवालदाराने दोन चहा सांगितले. तिकडचं पाणी प्यायचं नाही, हे आठवेपर्यंत कप अर्धा झाला होता. चहा चांगला होता. हवालदाराने विचारलं, आईंना काय त्रास आहे? मग त्याने स्वतःच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, आणि कोणतं तेल लावून काही उपयोग झाला नाही तेही. तारीखवाले म्हणाले, आमच्याकडेही तेच तेल लावून काही झालं नाही. समोर पार्किंगमध्ये दहा माणसं घड्याळाकडे बघत अर्धा तास मोजत होती. इतका निवांत अर्धा तास तारीखवाल्यांना गेल्या सात महिन्यांत मिळाला नव्हता.

मग हात वर गेले. अध्यक्षबाईंनी स्वतः चौथ्या मजल्याकडे बघून हाक मारली, "मंजूर!"

वर कारागीर दिसेनासा झाला. नऊ मिनिटं गेली. हवालदाराने घड्याळ लावून मोजली. मग लिफ्ट खडखडली, आणि दार उघडून कारागीर बाहेर आला. तो गाळ्याकडे वळला नाही. काठी टेकत सरळ रस्त्यावर आला आणि फुटपाथच्या कडेला उन्हात उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत नुसता उभा. कोणी ओळखीचं भेटलं की मान हलवायचा. दहा सभासद मागे गप्प उभे होते. घाई खरं तर तारीखवाल्यांना होती, पण तेही म्हणाले नाहीत, चला म्हणून. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हवालदाराने स्वतःचा रुमाल दिला.

कुलूप दोन दिवसांत झालं. तारीखवाल्यांनी सगळं काम शेजारी बसून पाहिलं, पण लिहिलं कुठेच नाही. निघताना अध्यक्षबाईंनी त्यांना नियमावलीची एक प्रत भेट दिली, घरी आहे तशीच. सीमेवर तिकडच्याने कुलूप कानाला लावलं, दोनशे पावलांवर इकडच्याने लावलं, आणि ते घरी पोचले.

मेकॅनिकने कुलूप बसवलं. ते लागताना खट् असा आवाज आला आणि शहाण्णव पायऱ्यांवर उभी असलेली सगळी इमारत 'हां' म्हणाली. पाच वाजता आईने सात महिने न घातलेली चप्पल घातली, जाळीचं दार स्वतः ओढलं आणि खाली आली. मावशी तीन वाजल्यापासून फाटकाशी बसून होत्या. आता दोघी काय बोलतात ते ऐकायला सगळे कान टवकारून होते. पण सात महिने ओरडून ओरडून सगळं बोलून झालेलं होतं. दोघी एकमेकींचा हात धरून नुसत्या बसल्या, एक अक्षर न बोलता.

बातम्यावाले काकांना मात्र धीर निघेना. "मग? काय बघितलंत तिकडे? बोला की!"

तारीखवाल्यांनी येताना बसमध्ये उत्तर तयार केलं होतं. चांगलं भाषणच होतं ते, तीन मुद्द्यांचं. आता एकही मुद्दा आठवेना.

"त्यांची लिफ्ट बंद होती," ते म्हणाले. "चौदा महिने."

आईने मान वर केली. "अगंबाई! मग वर कोणी म्हातारं माणूस होतं का रे?"

"होतं. चौथ्या मजल्यावर."

"मग?"

"आलं खाली, चार दिवस झाले. मी होतो तिथे."

आईने सुटकेचा एक लांब श्वास सोडला. मावशीही म्हणाल्या, "सुटला बिचारा." काका तिथेच पायरीवर टेकले.

मग आईला काहीतरी सुचलं आणि ती पुन्हा काळजीत पडली. "पण खाली येऊन करायचं काय, माणूस एकटा असेल तर? बोलायला कोणी आहे का त्याला खाली?"

"आहेत ना. दहा जण आहेत," तारीखवाले म्हणाले. "सगळे एकदम बोलतात."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि तिने पाय लांब केले.